पार्क व्हिलेज : एका आराखड्यातील अनेक घरे

लंडनच्या रीजंट्स पार्कलगत जॉन नॅश (१७५२–१८३५) याने १८२४ च्या सुमारास ‘पार्क व्हिलेज ईस्ट’ व ‘पार्क व्हिलेज वेस्ट’ या दोन गृहमालिका आरंभिल्या. पुढे त्यांचे काम त्याचा शिष्य जेम्स पेनेथॉर्न याने पुरे केले. उपनगरी गृहरचनेचे आद्य नमुने म्हणून त्या मान्यता पावल्या आहेत. त्यांचे कौतुक होते ते बहुधा वैचित्र्यासाठी : एक घर इटालियन वळणाचे, दुसरे गॉथिक, तिसरे अभिजात शैलीचे. परंतु वैचित्र्य हेच या रचनेचे सार मानणे, हे विवेचन अपुरे होय.

व्हिला म्हणजे मूलतः मोकळ्या भूमीत सुटे उभे असलेले घर. ते नगरात रांगेने उभे करावयाचे, तर त्याचे सुटेपण टिकवावे कसे, हा नॅशपुढील खरा प्रश्न होता. वेस्टमधील वाट त्याने वळणाची ठेवली. त्यामुळे सारी रांग एका दृष्टिक्षेपात येत नाही. झाडी शेजारचे घर अर्धवट झाकते. काही ठिकाणी तर दोन बिऱ्हाडांचे जोडघर एकाच व्हिलाचा आभास निर्माण करते.

नॅशच्याच १८२६ च्या कंबरलँड टेरेसशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथे अनेक घरे एका प्रासादतुल्य दर्शनी भागाआड लपली आहेत. येथे एक आराखडा अनेक घरांआड लपला आहे. विटांवर गिलावा चढवून दगडाचा भास निर्माण करणे मात्र दोन्हीकडे समान आहे. पृष्ठभागाच्या अशा फसवणुकीचा रस्किनने १८४९ मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात निषेध केला. त्या निकषावर ही घरे सदोष ठरतील, यात संशय नाही. तथापि हा निकष भिंतीपुरता आहे. नॅशचे कर्तृत्व भिंतीत नसून दोन भिंतींमधील अंतरात आहे, आणि तेथे रस्किनचा आक्षेप पोहोचत नाही.

हे अंतरच पुढे विस्कळित झाले. लोहमार्गाच्या रुंदीकरणासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ईस्टची एक बाजू पाडली गेली. दोन्ही मालिकांमधील कालव्याचा फाटा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बुजविण्यात आला. आज उरलेली घरे संरक्षित आहेत. परंतु संरक्षणाच्या यादीत घर नोंदविता येते, घरांमधील नाते नव्हे. वेस्टची वळणदार मांडणी टिकून आहे, म्हणूनच ईस्टने काय गमावले याचे मोजमाप अभ्यासकाला आजही करता येते.