शेरेबुकातील शिक्षक : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात शिक्षकविकासाच्या भाषेची चिकित्सा

प्रस्तावना

शालेय शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यातील बरेचसे दोन साच्यांत बसते. एक साचा शासननिर्णयाचा. त्यात शिक्षक हा 'घटक' असतो, त्याचे 'सक्षमीकरण' करावयाचे असते आणि ते 'टप्प्याटप्प्याने' व्हावयाचे असते. दुसरा साचा उपक्रमशील शिक्षकाच्या गौरवाचा. त्यात आडगावच्या शाळेत एक ध्येयवेडा शिक्षक असतो. तो हे सारे कोणाकडून शिकला याचा मात्र उल्लेख नसतो. या दोहोंपेक्षा अधिक बोलका असा तिसरा दस्तऐवज प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात असतो. त्याच्याकडे लेखन म्हणून कोणी पाहत नाही. तो म्हणजे शाळेचे शेरेबुक.

केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी शाळेस भेट देतात तेव्हा या वहीत शेरा लिहितात. त्याची धाटणी सर्वपरिचित आहे. पट इतका, हजर इतके, परिसर स्वच्छ, पोषण आहार शिजवलेला आढळला, अभिलेखे अद्ययावत ठेवावीत, गुणवत्तावाढीसाठी प्रयत्न करावेत. अध्यापनाचा संबंध येतो तो शेवटच्या वाक्यात, आणि तोही विध्यर्थात. कोणता पाठ चालू होता, मुले कोठे अडली, शिक्षकाने त्या क्षणी काय केले, याविषयी शेरा सहसा मौन पाळतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शिक्षकविकासाच्या आपल्या साऱ्या योजनांचे खरे मूल्यमापन या मौनात दडलेले आहे. उमरगा, लोहारा, भूम किंवा वाशी तालुक्यातील दोनशिक्षकी शाळेला प्रशिक्षणाच्या दिवसांपेक्षा पाठ पाहणाऱ्या आणि त्यावर बोलणाऱ्या माणसाची उणीव अधिक आहे.

पदाचा हेतू

असा माणूस व्यवस्थेने कल्पिलाच नव्हता, असे म्हणता येणार नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा-समूहाची कल्पना मांडली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'डायट', अस्तित्वात आल्या. महाराष्ट्रात १९९४ मध्ये सरासरी दहा प्राथमिक शाळांमागे एक केंद्र अशी रचना होऊन केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले आणि राज्यात ४,८६० केंद्रे ठरली. प्रशासनाच्या उतरंडीत शाळेच्या इतके जवळ दुसरे पद नाही. दहा शाळा, त्यांतील तीसचाळीस शिक्षक, महिन्याची शिक्षण परिषद आणि हाताशी एक अनुभवी सहकारी, ही मूळ कल्पना आजही कोणत्याही देशाच्या तज्ज्ञास दाखवावी अशी आहे.

पुढे या पदाचे काय झाले हे शिक्षकांना सांगावयास नको. सरल, यू-डायस, पोषण आहाराची दैनंदिन माहिती, शिष्यवृत्तीची प्रपत्रे, 'आजच सायंकाळपर्यंत' पाठवावयाच्या याद्या या सर्वांचा संकलक म्हणून केंद्रप्रमुख ओळखला जाऊ लागला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मधील कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामांपासून शिक्षकांना संरक्षण दिले. परंतु शैक्षणिक माहितीचे संकलन हे 'शैक्षणिक' की 'अशैक्षणिक', हा प्रश्न कायद्याने अनुत्तरित ठेवला. त्यातच पदे रिक्त. विभागीय स्पर्धा परीक्षेतून भरावयाच्या २,३८४ पदांची जाहिरात २०२३ मध्ये निघाली आणि परीक्षा त्यानंतर वारंवार पुढे ढकलली गेली. एका केंद्रप्रमुखाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार असेल, तर त्याच्या शेऱ्यात पाठाचे वर्णन येणार कोठून?

नामांतरांचा इतिहास

संस्थांची नावे मात्र या काळात पुष्कळ बदलली. २०१६ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद 'विद्या प्राधिकरण' झाली आणि डायटच्या नावात 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' हे शब्द दाखल झाले. काही वर्षांनी दोन्ही संस्था पूर्वीच्या नावांवर परतल्या. 'प्रशिक्षण' हा शब्द सोडून 'सातत्यपूर्ण विकास' हा शब्द स्वीकारणे ही विचारातील प्रगती होती, हे मान्य केले पाहिजे. पण फलक बदलला तरी शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचणारी माणसे वाढली नाहीत.

जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयाने सरसकट प्रशिक्षणाऐवजी शिक्षकांच्या मागणीनुसार प्रशिक्षण ही दिशा दिली होती. ती योग्य होती. तथापि २०१९ मध्ये 'निष्ठा' आले, करोनाकाळात ते दीक्षा या मंचावर गेले, आणि सरसकटपणा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परत आला. बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड श्रेणीचे प्रशिक्षण २०२२ मध्ये ऑनलाइन झाले आणि त्यासाठी शिक्षकांकडून दोन हजार रुपये शुल्क घेण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे. तास मोजता येतात, म्हणून ते मोजले जातात. पन्नास तासांनंतर इयत्ता दुसरीच्या वाचनाच्या तासात काय बदलले, हे मोजावयाचे तर तेथे कोणीतरी बसावे लागते.

येथे महाविद्यालयीन वाचकांनी फार दुरून पाहण्याचे कारण नाही. आपले उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग पदोन्नतीच्या प्रस्तावास जोडावयाच्या प्रमाणपत्राशी कसे संपतात, हे आपणही जाणतो. आपल्या तासाला सहकारी येऊन बसला, अशी घटना किती विभागांत घडते?

संशोधनाची साक्ष

बाहेरच्या संशोधनाने या बाबतीत जे सांगितले आहे ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेतील ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात असे मांडले की, सिद्धांत सांगणे, प्रात्यक्षिक दाखवणे आणि सराव करून घेणे एवढ्यावर प्रशिक्षण थांबले, तर शिकलेले कौशल्य वर्गात फारसे उतरत नाही. ते उतरते वर्गातील सोबतीने. क्राफ्ट, ब्लेझर व होगन यांनी २०१८ मध्ये अशा ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. अध्यापनावर सरासरी ०.४९ प्रमाण विचलनाचा आणि विद्यार्थ्यांच्या संपादनावर ०.१८ प्रमाण विचलनाचा परिणाम त्यांना आढळला. मात्र कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम घटतो, हा त्यांचा इशारा उत्साही वाचक गाळून टाकतात. हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतील आहेत, हेही लक्षात ठेवावयास हवे.

आपल्याला जवळचा वाटावा असा पुरावा दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतातील आहे. तेथील सरकारी शाळांत मातृभाषेतील वाचन शिकवण्यासाठी शिक्षकांच्या एका गटास मध्यवर्ती ठिकाणी प्रशिक्षण दिले गेले. दुसऱ्या गटाकडे मार्गदर्शक नियमितपणे वर्गात जात राहिले. साहित्य व पाठनियोजन दोन्हींकडे सारखेच होते. दोन वर्षांनंतर मुलांच्या वाचनातील वाढ पहिल्या गटात ०.१२, तर दुसऱ्यात ०.२४ प्रमाण विचलन इतकी आढळली. पुढे त्याच देशात दूरध्वनी व टॅब्लेटवरून सोबत करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा तिचा परिणाम प्रत्यक्ष सोबतीच्या तुलनेत फिका पडला. व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'मार्गदर्शन' करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

शब्दाची अडचण

या पद्धतीस इंग्रजीत जो शब्द आहे, तो जसाच्या तसा घेणे मराठवाड्यात अडचणीचे आहे. १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातूरकडे पाहत येथे 'कोचिंग' म्हटले की वैद्यकीय प्रवेशाचे खासगी वर्ग डोळ्यांसमोर येतात. 'मार्गदर्शन' हा शब्द व्यासपीठावरील भाषणाने झिजला आहे. 'पर्यवेक्षण' आणि 'तपासणी' या शब्दांत अधिकाऱ्याची पावले ऐकू येतात. म्हणून प्रस्तुत लेखात 'सोबत' हा साधा शब्द वापरला आहे. योग्य शब्दाचा अभाव हा केवळ परिभाषेचा प्रश्न नव्हे. ज्या कामाला नाव नाही, त्याला शेरेबुकात रकानाही नसतो.

मराठी वाचकास ही सोबत अगदीच अपरिचित नाही. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या मूळ गुजराती पुस्तकाचा गौरव आपण प्रयोगशील शिक्षकाची कथा म्हणून करतो. त्यातील शिक्षणाधिकाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते. चौथीचा वर्ग वर्षभरासाठी हाती देणारा, साशंक असूनही येऊन पाहणारा हा अधिकारी नसता, तर प्रयोग पहिल्या आठवड्यातच मोडला असता. लीला पाटील यांनी अध्यापक महाविद्यालयातील दीर्घ अनुभवानंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले, आणि आपल्या पुस्तकास नाव दिले 'शिक्षण देता-घेता'. त्या संयोगचिन्हात त्यांची भूमिका आली आहे.

अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तेथील जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी अध्यापनाचे काम उभे केले. तपासणी करणारे पदच सोबतीचे पद होऊ शकते, याचा तो महत्त्वाचा दाखला आहे. राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहण्यास गेले आणि परत येऊन त्यांनी जे केले ते शिक्षकविकासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. अनेक शाळांच्या फरश्यांवर रंगीत तक्ते उमटले. पाहुण्यांना जे दिसले ते त्यांनी आणले; अधिकारी व शिक्षक यांच्यात वर्षानुवर्षे चाललेले बोलणे एका दिवसाच्या भेटीत दिसत नाही, म्हणून ते आणता आले नाही. दोष पाहुण्यांचा कमी, 'भेट' या कल्पनेचा अधिक.

धाराशिवचा वर्ग

याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचा उल्लेख स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात नेहमी होतो. १९२१ मध्ये निजामी राजवटीत सुरू झालेल्या या शाळेत १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ, शिक्षक म्हणून आले. एकत्र राहणारे, एकाच ध्येयाने बांधलेले शिक्षक ही त्या शाळेची शक्ती होती. आजच्या शिक्षकाकडून त्या त्यागाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु सहकाऱ्यांशी आपल्या कामाविषयी रोज बोलता येणे ही चैन नाही, एवढे त्यावरून कळते. दोनशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकाच वेळी सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे बोलणे दुर्मीळ झाले आहे.

आणि येथील वर्ग सोपे नाहीत. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले वर्षाच्या मध्येच जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते. कर्नाटकाच्या सीमेलगत काही घरांत कन्नड ऐकू येते. पाच महिन्यांनी परतलेल्या मुलाला गणितात कोठून धरावे, याचे उत्तर तालुक्याच्या सभागृहातील प्रशिक्षणात मिळत नाही, कारण ते मूल तेथे नसते. ते उत्तर त्या मुलाची वही समोर ठेवून दोन प्रौढांनी शोधावयाचे असते.

२०१८ मध्ये नीती आयोगाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. राज्यातून नंदुरबार, वाशीम व गडचिरोली हे अन्य तीन. क्रमवारीत शिक्षणाला ३० टक्के भार होता. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वीज, वेळेवर पाठ्यपुस्तके, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, भाषा व गणितातील संपादन अशी तिची मोजपट्टी. यांपैकी कशाचेही महत्त्व नाकारता येत नाही. तथापि संपादन मोजावयाचे आणि ते घडवणाऱ्या शिक्षकाच्या शिकण्याला निर्देशांकात जागा द्यावयाची नाही, ही शेरेबुकाचीच रीत दिल्लीहून आली.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने प्रश्न अधिक तीव्र केला आहे. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्याचे बंधन आले. किमान पात्रतेचा आग्रह अनाठायी नाही. परंतु वीस वर्षे शिकवलेला माणूस आता रात्री प्रश्नसंच सोडवीत बसेल. त्याच्या वीस वर्षांच्या अध्यापनाविषयी व्यवस्थेकडे नोंद कोणती, असे विचारले तर पुढे येतील ती शेरेबुके. त्यांत त्याचा परिसर स्वच्छ असल्याचे लिहिलेले सापडेल.

हिशेब फार मोठा नाही. एका केंद्रात पस्तीस शिक्षक धरले आणि केंद्रप्रमुखाचे आठवड्याचे दोन दिवस माहिती संकलनातून कायमचे मोकळे केले, तर चाळीस आठवड्यांत ऐंशी दिवस होतात. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्यास वर्षाकाठी दोनांहून अधिक पूर्ण दिवस येतात. महिन्याला एक भेट साधावयाची तर याच्या कित्येक पट दिवस लागतील, म्हणून आरंभ पहिली-दुसरीच्या शिक्षकांपासून करावा. डायटमधील अधिव्याख्यात्यांनी आणि जिल्ह्यातील अध्यापक महाविद्यालयांनी दोन-दोन केंद्रे वाटून घेतली, तर ही उणीव काहीशी भरून निघेल. शेरेबुकात पट व हजेरी यांच्या खाली 'पाहिलेला पाठ' आणि 'शिक्षकाशी झालेले बोलणे' असे दोन रकाने असावेत, आणि दुसऱ्या रकान्यात शिक्षकाने स्वतः लिहावे. दोन्ही रकाने रिकामे राहिलेला शेरा पंचायत समितीने 'भेट' म्हणून मोजू नये.