"टॅबवर नाही होणार, भाऊ"

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तोवर ही केंद्रीय प्रक्रिया मुंबई, पुणे, नाशिक अशा मोठ्या शहरांपुरती होती. खानदेशातल्या चाळीसगावच्या मुलांचा तिच्याशी संबंध नव्हता. आता अर्ज, पसंतीक्रम, कागदपत्रं, सगळं पडद्यावर. अनेक घरांत कॉम्प्युटर नाही, पण टॅब आहे. नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना टॅब आणि इंटरनेट डेटा मोफत देते. थोरल्या बहिणीला मिळालेला टॅब हाच घरातला पहिला कॉम्प्युटर, असं चित्र खानदेशात नवलाचं नाही. तरीही कुठलाही सरकारी अर्ज भरायची वेळ आली की सेवा केंद्रावर ऐकू येतं, "टॅबवर नाही होणार, भाऊ. इथंच भरून घ्या."

केंद्रवाल्याला चार पैसे मिळतात, म्हणून तो असं बोलत असेल असं वाटतं. पण बहुतेकदा तो खरंच सांगत असतो.

कित्येक सरकारी पानांच्या तळाशी एके काळी एक ओळ ठरलेली असे: हे संकेतस्थळ १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसते. गंमत अशी की एप्रिल २०१०मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या आयपॅडचा पडदा नेमका तेवढाच होता. म्हणजे मापाची अडचण नव्हतीच. त्याच वर्षी २५ मे रोजी ईथन मार्कोट या अमेरिकी डिझायनरने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला: पानाने पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बेतून घ्यावं. विचार उत्तम होता. घाईत असलेल्या कारागिरांनी मात्र त्याचं कोष्टक केलं. अरुंद तो फोन, रुंद तो कॉम्प्युटर, आणि मधे उरेल तो टॅब. मग टॅबच्या वाट्याला कधी ताणलेला फोन येतो, कधी आवळलेला कॉम्प्युटर.

माझं म्हणणं असं की टॅब हा मधला आकार नाहीच. त्याचा पडदा कॉम्प्युटरच्या जवळचा आहे, पण त्यावर चालतं ते बोट. रुंदी विचारून हे कळत नाही. माउस नुसता वर नेला की उघडणारे मेनू घ्या. बोटाला 'नुसतं वर नेणं' ठाऊक नसतं. ते एकतर टेकतं किंवा टेकत नाही. 'योजना' या शब्दावर बोट टेकवलं की खालची यादी क्षणभर दिसते आणि तेवढ्यात पान बदलून जातं. यादी टिकलीच, तर तिच्यातल्या ओळी एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की शिष्यवृत्तीवर टेकवलेलं बोट निविदांवर पडतं. खरं तर समोर बोट आहे की माउस, हे ब्राउझर सांगू शकतो. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ती सोय बरीच वर्षं आहे. विचारणारे थोडे.

त्याऐवजी यंत्राचं नाव विचारायची जुनी खोड आहे. अँड्रॉइडचा संकेत असा की फोन आपल्या ओळखीत 'मोबाइल' हा शब्द घालतो, टॅब घालत नाही. जी साइट फक्त 'अँड्रॉइड' शोधते ती टॅबला फोन समजते. जी 'मोबाइल' शोधते ती कॉम्प्युटर समजते. सप्टेंबर २०१९मध्ये आयपॅडओएस आलं आणि आयपॅडवरचा सफारी ब्राउझर आपसूकच स्वतःला मॅक म्हणवू लागला. नावावर विसंबणाऱ्यांची तिथंच फजिती झाली.

पण सगळ्यात मोठा घोळ कीबोर्डचा आहे आणि तो मराठीत अधिक बोचतो. टॅब आडवा धरून नावाच्या चौकटीत टेकवलं की कीबोर्ड वर येतो आणि अर्धा पडदा गिळतो. वर न हलणारा मथळा, मंत्र्यांच्या तसबिरी, खाली चिकटलेलं चॅटचं बटण. ज्या चौकटीत लिहायचं तीच दिसेनाशी होते. काही अर्जांत इंग्रजी अक्षरांत नाव लिहून स्पेस दाबली की ते मराठी होतं. ही सोय स्पेसच्या कळीचा सांकेतिक आकडा ऐकून चालते. अँड्रॉइडचा कीबोर्ड मात्र बहुतेक कळींना एकच आकडा पाठवतो, २२९. मग नाव इंग्रजीतच राहतं आणि अर्ज 'मराठीत भरा' म्हणून लाल होतो. मुलाला वाटतं, आपलंच काही चुकलं.

नियमांची वाण नाही. वेबच्या सुगम्यतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१८पासून सांगतात की पान उभ्या किंवा आडव्या एकाच स्थितीला बांधू नये. २०२३च्या आवृत्तीत बटणाचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल आलं. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही २०२३मध्ये नव्याने आली. चौकट उभी की आडवी यावर काय काय अवलंबून असतं, हे खरं तर छायाचित्रकार केकी मूस यांच्या चाळीसगावात कुणी समजावून सांगायला नको.

वर्तमानपत्रांचं मला अधिक आश्चर्य वाटतं. ई-पेपर वाचायला टॅबइतकं सोयीचं दुसरं यंत्र नाही, आणि डोळे थकलेले आजोबा तो त्यासाठीच घेऊन बसतात. पण कित्येक ई-पेपरांत चिमटीने पान मोठं करू गेलं की बातमीऐवजी मेनू आणि जाहिरात मोठी होते. दुसऱ्या टोकाला माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांनी फेब्रुवारी २०११मध्ये 'द डेली' हे खास आयपॅडसाठीचं दैनिक काढलं. डिसेंबर २०१२मध्ये ते बंद पडलं. केवळ टॅबपुरतं काही करा, अशी मागणी म्हणूनच कुणी करत नाही.

टॅबवर सर्वांत सुखाने वाचता येतं ते बालभारतीचं पीडीएफ पुस्तक. पान नीट दिसतं, आकृत्या स्वच्छ. वेब डिझायनरचा त्यात काहीच हात नाही.

दोष कसब कमी पडल्याचा नाही, तपासण्याच्या पद्धतीचा आहे. साइट तयार झाली की कॉम्प्युटरवरची खिडकी ओढून अरुंद करतात आणि 'टॅबवर चालते' अशी खूण होते. त्या खिडकीत रुंदी तेवढी टॅबची येते. हातात माउसच असतो, कीबोर्ड टेबलावरच असतो, आणि वायफाय कचेरीचं असतं. आठ इंची साधा टॅब दहा-बारा हजारांत मिळतो. साइट ताब्यात घेण्याआधी खात्याच्या माणसाने तो आडवा धरावा आणि आपल्याच अर्जात स्वतःचं नाव मराठीत लिहून बघावं.