दरबारातले शब्द आणि छावणीतले शब्द

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्याला बुरूज काढतात. 'किल्ला' आणि 'बुरूज' हे दोन्ही शब्द मुळात अरबी. पण त्यांना परके म्हणण्याचे धाडस कोण करील?

'राज्यव्यवहारकोश' वाचताना हा प्रश्न मनात घोळत राहतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला, रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला हा संस्कृत पद्यकोश. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारे त्याचे दहा वर्ग आहेत. राजा, कारखाने, शस्त्रे, चतुरंग सेना, दुर्ग, लेखन, बाजारपेठ, सारे काही त्यात आले. धाटणी अमरकोशाची, म्हणजे पाठांतराची सोय झाली. १६७४ च्या राज्याभिषेकाने जे स्वत्व सिंहासनावर बसविले, तेच कोशकाराला शब्दांत बसवायचे होते. हा हेतू थोर, यात शंका नाही.

परंतु यश सर्वत्र सारखे नाही. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापती झाला. हे शब्द रुजले. बावड्याचे पंत अमात्य आणि भोरचे पंत सचिव याच नावांनी पुढे नांदले. सचिव तर आजही मंत्रालयात आहेत! उलट मुख्य प्रधानाला लोक पुन्हा पेशवाच म्हणू लागले. छावणीत हवालदार आणि सुभेदार टिकले, ते आजच्या भारतीय सैन्यातही आहेत. 'काडतूस' तर पोर्तुगिजांकडून आले आणि आपलेच झाले. पोलादावर बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवायची, म्हणजे तलवारीच्या मुठीवर वेलबुट्टी खुलते. त्या कलेचे नाव कोफ्तगिरी. तेही फारसीच राहिले.

असे का व्हावे? दरबारातला शब्द लेखणीने बदलतो, कारण कारकुनाला आज्ञा पाळावी लागते. हातोडा चालविणाऱ्याचा शब्द मात्र त्याच्या हाताच्या सवयीतून येतो. कोशाची मर्यादा हीच. ती कोशकाराच्या विद्वत्तेची नव्हे, कोश या साधनाचीच आहे.

१९६२ साली सरकारचा 'पदनाम कोश' आला, तेव्हा हाच वाद नव्याने रंगला. आजही शास्त्राची पुस्तके मुलांच्या हाती देताना तो उभा राहतो. नवे शब्द अवश्य घडवावेत, नाहीतर भाषा मिंधी होते. पण घडविण्याआधी लोहार, सुतार, तारकाम करणारा काय म्हणतो, ते विचारावे. शब्द सोनेरी असला तरी पोलादात ठोकून बसला नाही, तर पहिल्याच घावाला गळून पडतो.