वानगी आणि व्याकरण : 'व्हॉयेजर'वरील ध्वनिमुद्रित संकलनाचा विचार

निरनिराळ्या परंपरांतील अभिजात संगीताचे नमुने एकत्र करून त्यांची एकच ध्वनिमुद्रिका सिद्ध करण्याचे प्रयत्न गेल्या शतकात पुष्कळ झाले. अशा संकलनांकडे आपण बहुधा सोयीची वस्तू म्हणून पाहतो. थोडे गायन, थोडा वाद्यवृंद, थोडे मोजक्या वाद्यांचे वादन अशी ती शिदोरी असते. परंतु कोणतेही संकलन हे एक विधानही असते. अमुक घेतले व अमुक वगळले, एकाला सात मिनिटे दिली व दुसऱ्याला साडेतीन, एकाच्या नावापुढे रचनाक्रमांक लिहिला व दुसऱ्याचे नावच अर्धवट ठेवले, या प्रत्येक कृतीत संकलकाचा संगीतविषयक सिद्धान्त दडलेला असतो. हा सिद्धान्त उघड करून तपासणे हे समीक्षेचे काम होय.

या दृष्टीने विचारात घेण्याजोगे सर्वांत प्रसिद्ध संकलन म्हणजे १९७७ साली 'व्हॉयेजर' या दोन अमेरिकन अंतराळयानांवर बसविलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. 'व्हॉयेजर-२' हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी व 'व्हॉयेजर-१' हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तबकडीवरील मजकूर निवडला. तीत शंभरांहून अधिक चित्रे, पृथ्वीवरील निरनिराळे ध्वनी, ५५ भाषांतील अभिवादने आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत आहे. मराठी वाचकाला या तबकडीविषयी दुहेरी जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. अभिवादनांत मराठीतील नमस्कार व शुभेच्छा आहेत. आणि २७ संगीतखंडांपैकी एक, यादीत शेवटून तिसरा, केसरबाई केरकर यांच्या गायनाचा आहे. २०१७ साली हे संगीत ध्वनिमुद्रिकांच्या संचरूपाने प्रसिद्ध झाल्यामुळे ते आता कोणालाही सलग ऐकता येते. प्रस्तुत टिपण अंजनवेल येथील मुक्कामात त्याच्या वारंवार श्रवणानंतर लिहिले आहे.

प्रथम यादीकडे पाहू. युरोपीय अभिजात परंपरेतील आठ खंड तीत आहेत. बाखचे तीन : दुसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तोचा पहिला भाग, एकट्या व्हायोलिनसाठी रचलेल्या तिसऱ्या पार्तितामधील गाव्होत, आणि ग्लेन गूल्ड यांनी पियानोवर वाजविलेले 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'च्या दुसऱ्या खंडातील पहिले प्रेल्यूड व फ्यूग. बेटोव्हेनचे दोन : पाचव्या सिंफनीचा पहिला भाग, व तेराव्या तंतुवाद्यचतुष्टयातील 'काव्हातिना'. मोझार्टच्या 'मायावी बासरी' या ऑपेरातील एक गीत, स्त्राविन्स्कीच्या 'वसंतविधी'तील अखेरचे नृत्य, आणि होलबर्न या एलिझाबेथकालीन इंग्रज रचनाकाराची सव्वा मिनिटाची एक रचना हे उरलेले तीन. या आठ खंडांना मिळून सुमारे ३५ मिनिटे लाभली आहेत. हिंदुस्थानी संगीताला लाभलेला वेळ साडेतीन मिनिटांचा, म्हणजे त्याच्या एकदशांश आहे.

ही तुलना गाऱ्हाण्यादाखल केलेली नाही. जगातील सर्व परंपरांना समान मिनिटे वाटून द्यावीत, असा आग्रह कोणी धरू नये. तसे केल्यास संकलनाची शिधापत्रिका होईल. खरा प्रश्न निराळा आहे. ज्या श्रोत्याला आपल्या संगीताची कसलीही पूर्वकल्पना नाही, त्याला दिलेल्या सामग्रीतून त्या संगीताचे काही व्याकरण हाती लागेल काय?

'संगीत ही विश्वाची भाषा आहे' हे वाक्य अशा प्रसंगी हमखास उच्चारले जाते. भाषेच्या अभ्यासकाला ते मान्य करता येत नाही. भाषेतील शब्द स्वतःपलीकडच्या वस्तूचा निर्देश करतो. स्वर तसा करीत नाही. म्हणून संगीताला कोश नाही. व्याकरण मात्र आहे, आणि ते परंपरेगणिक भिन्न आहे. कोणता स्वर कोणत्या स्वरानंतर यावा, कोठे थांबावे, कोठे थांबू नये, याचे नियम कानांना शिकावे लागतात. मराठीतील शुभेच्छा मराठी न जाणणाऱ्याला जितक्या अगम्य, तितकीच भैरवी तिची घडण न जाणणाऱ्याला अपरिचित होय.

अंजनवेलला टाळकेश्वराजवळ दीपगृह आहे. त्याच्या प्रकाशाची उघडझाप ठरावीक कालावधीने होते, आणि हा प्रकाश कोणत्या ठिकाणचा, हे समुद्रावरील खलाशाला त्याच्याजवळच्या सूचीवरून कळते. सूची नसलेल्याला प्रकाश दिसेल, कोणीतरी तो मुद्दाम लावला आहे हेही उमगेल. परंतु ती दाभोळची खाडी आहे, हे उमगणार नाही. तबकडीच्या कर्त्यांना ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी आवरणावर हायड्रोजनच्या अणूतील संक्रमणकाल हे कालमान म्हणून कोरले, तबकडी किती गतीने फिरवावी ते त्या मानात सांगितले, आणि सोबत सुईही ठेवली. ध्वनी निर्माण करण्याची सूची त्यांनी दिली. ध्वनीतून संगीत ओळखण्याची सूची मात्र बाहेरून देता येण्याजोगी नव्हती. ती संगीतातच असावी लागते. ती कोणत्या खंडात आहे, हे पाहणे येथे उद्बोधक ठरते.

पाचव्या सिंफनीचा सर्वपरिचित आरंभ घ्या. ही रचना 'सी मायनर'मधील, म्हणजे सी हा तिचा आधारस्वर. त्याला षड्ज मानून आपल्या स्वरनामांनी सांगावयाचे तर पहिला चार स्वरांचा आघात प, प, प, कोमल ग असा आहे व दुसरा म, म, म, रे असा. या दोन्ही आघातांत षड्ज नाही. नवख्या श्रोत्याने पहिल्या आघाताचा शेवटचा दीर्घ स्वर हाच षड्ज समजल्यास त्याला तेच स्वर ग, ग, ग, सा. रे, रे, रे, नी असे ऐकू येतील, आणि त्यात त्याला काहीही विसंगत भासणार नाही. बेटोव्हेनचे नाट्य या संदिग्धतेवर उभे आहे. ज्याला या परंपरेचा सराव आहे त्याची ती क्षणभर फसवणूक करते व पुढे उलगडा करते. ज्याला सराव नाही त्याला फसविल्याचे कळतही नाही. बाखच्या त्या प्रेल्यूडमध्ये याउलट आरंभीच आधारस्वर खर्जात धरून ठेवलेला आहे. परंतु लवकरच रचना तो सोडून इतर आधारांकडे प्रवास करते, आणि हा प्रवास हेच तिचे प्रयोजन आहे.

हिंदुस्थानी गायनात आधार कधी सुटत नाही. षड्ज आरंभी निश्चित होतो आणि अखेरपर्यंत तोच राहतो. गायिका त्यापासून कितीही दूर गेली तरी प्रत्येक स्वर त्याच्याच अंतराने मोजला जातो, आणि ती पुनःपुन्हा त्याच्याकडे परत येते. भैरवीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. भैरवी थाटात ऋषभ, गांधार, धैवत व निषाद हे चार स्वर कोमल. हेच सात स्वर तसेच ठेवून कोमल ऋषभाला षड्ज मानले, तर कल्याण थाट उत्पन्न होतो. स्वरसामग्री एकच, आधार बदलला की अर्थ पालटला. तेव्हा येथे आधार हेच व्याकरणाचे पहिले सूत्र होय, आणि ते बाहेरून सांगावे लागत नाही. गायनच ते क्षणोक्षणी सांगत राहते. सर्वथा अनोळखी श्रोत्यासाठी निवडलेल्या या संकलनात केसरबाईंचा खंड या एका बाबतीत, अवघ्या साडेतीन मिनिटांत, युरोपीय खंडांपेक्षा अधिक स्वयंपूर्ण आहे.

दुसरीही एक स्वयंपूर्णता आहे. सिंफनीच्या चार भागांपैकी एक, चतुष्टयाच्या सहा भागांपैकी एक, कॉन्चेर्तोच्या तीन भागांपैकी एक, ऑपेरातील एक गीत : युरोपीय खंडांपैकी बरेचसे मोठ्या रचनांचे अंश आहेत. केसरबाईंचे 'जात कहाँ हो' हा अंश नव्हे. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांची मर्यादा असे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जानने गायिले तेव्हापासून आपल्या गायकांच्या काही पिढ्यांना या मर्यादेत मैफल बसवावी लागली. काहींनी मैफलीचा तुकडा तोडून दिला. श्रेष्ठांनी तीन मिनिटांचा निराळा घाटच घडविला. केसरबाईंचा खंड या दुसऱ्या वर्गातला आहे. भरदार, मोकळा आकार आणि न तुटणारा दमसास यांमुळे तो आटोपशीर असूनही घाईचा वाटत नाही.

तथापि येथेच संकलनाचा दोष दिसू लागतो. केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी या गावी झाला. १९२१ पासून १९४६ साली गुरूंचे निधन होईपर्यंत त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांकडे तालीम घेतली, आणि त्यांची थोरवी जयपूर-अत्रौली घराण्याच्या ख्यालगायनात आहे. लयीशी बांधलेली आलापी, स्वरांची वळणदार गुंफण, समेकडे येण्याची अटळ वाटणारी रीत, हे सारे विलंबित ख्यालात प्रकट होते. तबकडीवर त्यांचे प्रतिनिधित्व करते ती भैरवी. आणि भैरवी तर आपल्याकडे मैफल संपविताना गावयाची. निरोपाचा राग एकट्यानेच पाठविल्यामुळे झाले असे, की यजमानाने पाहुण्याला पानसुपारी दिली, पण पान वाढलेच नाही. काव्यात्म योगायोग शोधणारे म्हणतील की कोठे जातोस असे विचारणारी चीज दूर जाणाऱ्या यानावर शोभूनच दिसते. ते खरे असले तरी गायनाचे मूल्य शब्दांच्या योगायोगावर ठरत नाही.

दुसरा दोष यादीच्या भाषेत आहे, आणि भाषाशास्त्रज्ञाला तो अधिक खटकतो. युरोपीय खंडांच्या नोंदींत रचनाकार, रचनेचे नाव, बहुतेक ठिकाणी तिचा क्रमांक किंवा भाग, आणि वादक किंवा वाद्यवृंद यांचा निर्देश आहे. भारतीय खंडाच्या नोंदीत देश, चिजेचे आरंभीचे शब्द, गायिकेचे नाव, आणि प्रकार म्हणून केवळ 'राग' हा शब्द आहे. कोणता राग ते नाही. एखाद्या ग्रंथसूचीत पुस्तकाच्या भाषेच्या रकान्यात 'मराठी' असे न लिहिता 'भाषा' असे लिहावे, तसा हा प्रकार आहे. साथीदारांचाही उल्लेख नाही. नोंदीचे हे दारिद्र्य केवळ कारकुनी स्वरूपाचे नाही. रचना म्हणजे कागदावर उतरलेली कृती, आणि गायन म्हणजे तिचा आविष्कार, हा युरोपीय विभाग तेथे गृहीत धरला आहे. ज्या परंपरेत गाणारा गाता गाताच रचतो, तिच्यासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. एका वाक्यावरून कोणत्याही भाषेचे व्याकरण रचता येत नाही. तुलनेसाठी निदान दोन वाक्ये लागतात. बाखचे तीन खंड निरनिराळ्या माध्यमांत, म्हणजे वाद्यवृंद, एकटे व्हायोलिन व पियानो यांत असल्यामुळे, माध्यम बदलले तरी काय टिकते हे चिकित्सक श्रोता शोधू शकेल. बेटोव्हेनच्या दोन खंडांनी समुदायाचा घोष आणि चौघांचे हितगुज यांतील भेद कळेल. भारतीय खंडाला असा जोडीदार नाही. भाषाशास्त्रात आपण एकाच ध्वनीने भिन्न असलेल्या दोन शब्दांची जोडी मांडून भेदक घटक दाखवितो. तसेच येथे करणे शक्य होते. चिनी 'छिन' या वाद्याला तबकडीत साडेसात मिनिटांहून अधिक वेळ मिळाला आहे. तेवढाच वेळ येथे देऊन केसरबाईंच्याच मोजक्या मुद्रिकांपैकी ख्यालाची एखादी बाजू भैरवीच्या आधी ठेवली असती, तर कंठ तोच राहून राग पालटला असता. बदलते ते काय आणि न बदलणारे काय, हे ऐकणाऱ्याला स्वतः ताडता आले असते; आणि भैरवीही आपल्या योग्य स्थानी, म्हणजे शेवटी, आली असती.

हे दोष दाखविताना निवडीचे श्रेय नाकारावयाचे नाही. रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाने या गायनाची शिफारस केली, तेव्हा पाश्चात्त्यांना अधिक परिचित असलेल्या सतारीऐवजी कंठसंगीताला मान मिळाला. कंठ हाच आपल्या संगीताचा मूळ मानदंड असल्याने ही निवड शास्त्रशुद्ध ठरते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी, दुसरे यान निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, केसरबाई निवर्तल्या. 'व्हॉयेजर-१' हे २०१२ साली आणि 'व्हॉयेजर-२' हे २०१८ साली सूर्यप्रभावाची सीमा ओलांडून पुढे गेले आहे. त्या तबकडीत आता दुरुस्ती संभवत नाही.

दुरुस्ती संभवते ती आपल्या श्रवणसंग्रहांत. विद्यापीठांतून विद्यार्थ्यांसाठी अभिजात संगीताचे नमुने एकत्र केले जातात, तेव्हा तोच एकेका वानगीचा हव्यास आणि तीच अपुरी नोंद वारंवार आढळते. नमुने थोडे असोत. पण जोडीने असावेत. प्रत्येक नोंदीत राग, ताल, साथीदार, मुद्रणाचा काळ व मूळ तबकडीची मर्यादा यांचा निर्देश असावा. आणि ऐकणारा अगदी अनभिज्ञ आहे असे समजून क्रम लावावा. आपला विद्यार्थी परग्रहावरचा नाही हे खरे. परंतु ज्याच्या घरात तंबोरा कधी लागला नाही, त्याचे व षड्जाचे अंतर काही कमी नसते. आणि ते तोडण्याचे साधन त्याच्या हाती देणे हे अद्याप आपल्या आवाक्यातले काम आहे.