हार्लेमचा मुलगा आणि हार्लेमचा बांध

बालपणीं आवडलेल्या कथेचें स्थळ मोठेपणीं प्रत्यक्ष पाहावें, ही हौस वरवर निरुपद्रवी दिसली तरी तिच्यांत एक परीक्षा दडलेली असते. आणि ती स्थळाची नसून कथेची असते. जागा पाहिल्यावर कांहीं कथा अधिक खऱ्या वाटूं लागतात, कांहीं कायमच्या मावळतात. थोड्या कथा मात्र अशा असतात कीं, त्या खोट्या ठरल्यावरही आपला पिच्छा सोडीत नाहींत. या तिसऱ्या जातीच्या एका कथेचा परामर्श आम्हांस येथें घ्यावयाचा आहे.

आमच्या बहुतेक वाचकांस ही कथा शाळेंतील इंग्रजी वाचनमालेंत भेटली असेल. हार्लेम गांवीं पाणदरवाजांची राखण करणाऱ्या एका माणसाचा आठ वर्षांचा मुलगा एका आंधळ्या वृद्धास खाऊ देऊन संध्याकाळीं घरीं परतत असतो. वाटेंत बांधांतून पाण्याची बारीक धार निघालेली त्याला दिसते. तो त्या भोकांत आपलें बोट घालतो, हाका मारतो. पण कोणी येत नाहीं. रात्रभर थंडीनें कांकडत तो तसाच बसून राहतो. पहाटे एका आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढून परत निघालेल्या धर्मोपदेशकाच्या कानांवर त्याचें कण्हणें पडतें, आणि सारा मुलूख वांचतो.

हार्लेमनजीक राहणाऱ्या आमच्या मराठी स्नेह्यांकडे कांहीं दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां आम्ही अर्थातच त्या बांधाची चौकशी केली. त्यांनीं आम्हांस स्पार्न्डाम या खेड्यांत नेलें. स्पार्ने नदीवरील जुन्या धरणाभोंवतीं वसलेलें हें टुमदार गांव. तेथें पाणदरवाजाशेजारीं, भिंतीच्या भोकांत बोट घालून बसलेल्या मुलाचा पुतळा आहे. ग्राडा रूब या शिल्पकर्त्रीनें तो घडविला आणि १९५० सालीं हॉलंडच्या प्रवासी-संस्थेच्या पुढाकारानें तो उभारला गेला. परदेशचे प्रवासी येऊन 'तो मुलगा कोठें?' असें विचारूं लागले, म्हणून त्यांना दाखविण्यासाठीं कांहींतरी हवें होतें! आमच्या स्नेह्यांच्या एका वृद्ध डच शेजाऱ्यांनीं तर ही गोष्ट आमची नव्हे, अमेरिकनांची आहे, असें आम्हांस हंसत हंसत सांगितलें.

त्यांचें म्हणणें बव्हंशीं बरोबर आहे. ही कथा जगभर पसरली ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या 'हान्स ब्रिंकर' या १८६५ सालच्या कादंबरीमुळें. तिचें मूळ त्याहून जुनें. युजेनी फोआ या फ्रेंच लेखिकेपर्यंत संशोधक तें नेतात, आणि डॉजबाईंपूर्वीं ती इंग्रजी नियतकालिकांतही छापली गेली होती. पुतळ्यास लोक सर्रास हान्स ब्रिंकर म्हणतात, पण कादंबरींतील हान्स निराळा. बांधावरच्या मुलास तेथें नांवच नाहीं. इतकेंच नव्हे, तर ही गोष्ट कादंबरींत हॉलंडमध्यें सांगितलीच जात नाहीं; इंग्लंडांतील एका शाळेंत एक मुलगी ती धडा म्हणून मोठ्यानें वाचते. कथेचें खरें जन्मस्थान परदेशचा शाळेचा वर्ग आहे, हें जणूं लेखिकेनेंच नोंदवून ठेविलें आहे.

कादंबरी लिहितांना डॉजबाईंनीं हॉलंड पाहिलेलें नव्हतें. मॉट्लीचा डच प्रजासत्ताकाचा इतिहास आणि शेजारच्या डच कुटुंबाकडून ऐकलेल्या हकीकती, एवढ्या शिदोरीवर त्यांनीं तो देश उभा केला. आम्ही हा दोष मानीत नाहीं. याच डॉजबाई १८७३ पासून 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकाच्या संपादिका झाल्या, आणि किप्लिंगच्या मोगलीची कथा १८९४ सालीं त्याच मासिकांत आली. किप्लिंगनेंही आपलें सिवनीचें रान अमेरिकेंतील व्हर्मांट प्रांतांत बसून रंगविलें; तें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. तरीही पेंचच्या जंगलांत जाणारा आमचा नागपूरकर वाचक मोगलीची आठवण काढल्यावांचून राहत नाहीं. न पाहिलेला प्रदेश कल्पनेनें रंगविणें हा साहित्याचा जुना हक्क आहे. प्रश्न एवढाच कीं, त्या कल्पनेनें त्या प्रदेशाच्या जीवनाचें मर्म पकडलें काय?

या प्रश्नाचें उत्तर स्पार्न्डामलाच मिळतें. तेथील पाण्याच्या व्यवस्थेसाठीं नेमलेल्या पंचांचा उल्लेख १२५५ सालच्या राजपत्रांत आहे. हॉलंडचा काउंट दुसरा विल्यम यानें तें दिलें. ऱ्हाइनलंडचें जलमंडळ आपला इतिहास तेथपर्यंत नेतें. अशीं २१ जलमंडळें आज त्या देशांत आहेत. त्यांच्या निवडणुका वेगळ्या, कर वेगळा. पूर्वीं बांधाचा ठराविक तुकडा ठराविक शेतकऱ्याच्या अंगावर असे, आणि ज्यास ती दुरुस्ती झेपेना त्यानें आपलें फावडें बांधांत रोवून जमीन सोडून जावें, असा कडक दंडक होता. जो कोणी तें फावडें उपसून काढील त्याची जमीन आणि त्याचाच बांध. कोंकण-गोमंतकांत खाजणाच्या बांधावर ज्यांनीं गांवकऱ्यांना चिखल टाकतांना पाहिलें आहे, त्यांस या दंडकाचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. हार्लेमच्या दक्षिणेस पसरलेला अवाढव्य तलाव वाफेच्या तीन पंपघरांनीं १८४९ ते १८५२ या काळांत उपसून कोरडा केला. परदेशचा पाहुणा आज स्खिपोल विमानतळावर उतरतो, तो त्या तलावाच्या तळावर. समुद्रसपाटीच्या कित्येक फूट खालीं.

अशा देशांत बांधावर रात्रभर कोणीच फिरकत नाहीं, हें कथेंतील सर्वांत मोठें असत्य. बोटानें पाणी अडत नाहीं हें तर उघडच आहे. हे बांध मातीचे, रुंद बुडाचे. लाटा माथ्यावरून ओसंडल्या कीं आंतला उतार भिजून खचतो. किंवा पाणी बुडाखालून वाळू वाहून नेत पलीकडे झऱ्यासारखें उफाळतें. अशा झऱ्याचें तोंड दाबीत नाहींत. त्याभोंवतीं वाळूच्या पोत्यांचें कडें रचून आंतलें पाणी चढूं देतात, म्हणजे खालचा जोर मंदावतो. पण मुलांच्या गोष्टीस जलशास्त्राची फूटपट्टी लावूं नये, असें कोणी म्हणेल, आणि तें आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप बोटावर नाहीं. निजलेल्या गांवावर आहे. मुलाचें शौर्य उठून दिसावें म्हणून कथेनें साऱ्या वडीलधाऱ्यांस झोपविलें आहे. ते खरोखर असे झोपले असते, तर तो देश नकाशावर राहिलाच नसता.

आश्चर्य हें कीं, डॉजबाईंस हें ठाऊक होतें. त्यांच्याच कादंबरींत हान्सचा बाप राफ ब्रिंकर हा बांधावरचा मजूर आहे. वादळी रात्रीं कमकुवत झालेली जागा सांवरण्यासाठीं इतर मजुरांबरोबर काम करीत असतां तो परांचीवरून पडतो आणि त्याची स्मृति व बुद्धि जाते. पुढें दहा वर्षें त्याच्या बायकोनें आणि मुलांनीं दारिद्र्य सोसलें, त्या भ्रमिष्टाची शुश्रूषा केली. बांध राखण्याची खरी किंमत काय असते, ती या कुटुंबाच्या झोंपडींत आहे. हीच त्या पुस्तकाची खरी कथा. पण जगानें काय केलें? चारपांच पानांचा धडा उचलला, आणि राफला विसरून गेलें. त्याच्या वांट्याला पुतळाही आला नाहीं आणि वाचनमालाही आली नाहीं.

डॉजबाईंच्या मुलाहून विलक्षण अशी एक घटना हॉलंडांत खरोखर घडली. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं समुद्र चढला, बांध जागोजाग फुटले आणि त्या देशांत १८३६ माणसें बळी गेलीं. हॉलंडसे आयसल नदीचा बांध दुसऱ्या दिवशीं पहाटे न्यूवेरकेर्क गांवाजवळ फुटूं लागला. त्याच्यामागें दाट वस्तीचा सखल मुलूख होता. गांवच्या नगराध्यक्षानें आरी एव्हेग्रून या नावाड्यास आपली नौका त्या खिंडारांत घालण्यास सांगितलें. त्यानें ती दाराच्या फळीसारखी बेतानें आडवी बसविली आणि लोकांनीं मागून भर घातली. बांध टिकला. येथेंही एका माणसाचें धैर्य आहे. परंतु त्याला सांगणारा कोणी आहे, आणि मागून पोतीं टाकणारेही आहेत. ही कथा आमच्या मुलांना कोणी सांगितलेली नाहीं.

मग जुनी कथा टाकून द्यावी काय? आमचें मत तसें नाहीं. तिच्यांत एक गोष्ट अगदीं खरी उतरली आहे. तो मुलगा कोणाशीं लढत नाहीं, कांहीं जिंकत नाहीं. तो जागा सोडीत नाहीं, एवढेंच. घरची ऊब आठवत असतांना, कोणी पाहत नसतांना, नेमल्या ठिकाणीं टिकून राहणें हाच बांध राखणाऱ्याचा धर्म. देश न पाहिलेल्या लेखिकेनें तो अचूक ओळखला, हें तिच्या प्रतिभेचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. ही कथा शंभर वर्षांवर टिकली ती या एका सत्याच्या बळावर.

परंतु ती एकटी सांगूं नये. आमच्या घरोघर आणि शाळांशाळांतून मुलांपुढें ठेविलें जाणारें शौर्य पुष्कळदां असेंच एकांड्या बोटाचें असतें. बाकीचे निजलेले असले तरी चालेल, एक वीर पुरे, असा विपरीत बोध त्यांतून मुलांच्या मनांत रुजतो. मोठेपणीं मग गांवचा बांध, नदी, रस्ता फुटूं लागला कीं आपण त्या एका मुलाची वाट पाहत बसतों. ज्या पालकांना ही गोष्ट प्रिय आहे त्यांनीं ती अवश्य सांगावी; पण त्याच बैठकींत राफ ब्रिंकरचीही सांगावी, आणि बांधांत रोवलेल्या फावड्याचीही. मुलें शहाणीं असतात. रात्रभर कोणी कां आलें नाहीं, हा प्रश्न तीं आपण होऊन विचारतील, आणि तो विचारूं देणें हेंच त्या कथेचें उत्तम वाचन होय.