उपहास की जिव्हाळा?

क्रिस्टोफर गेस्ट दिग्दर्शित ‘बेस्ट इन शो’ (२०००) ह्या चित्रपटाविषयी प्रेक्षकांत दोन तट आहेत. फिलाडेल्फियातील एका काल्पनिक श्वानस्पर्धेवरचा, माहितीपटाच्या थाटात रचलेला हा विनोदी बोलपट. संवाद बव्हंशी नटांना ऐनवेळी सुचलेले. कित्येकांना तो भाबड्या श्वानप्रेमींची टवाळी वाटतो, तर कित्येकांना त्यात जिव्हाळा आढळतो.

आमच्या मते निवाडा पात्रागणिक करावा लागेल. जेरी फ्लेकची दोन्ही पावले डावी. पत्नीचे जुने प्रियकर पदोपदी भेटतात. तरी त्यांचे परस्परप्रेम ढळत नाही. पत्नीचा पाय दुखावताच तोच जेरी आपल्या टेरिअरसह रिंगणात उतरतो आणि जिंकतो. येथे आपण हसतो ते त्याच्या बाजूने.

स्वान दांपत्याचे तसे नाही. कुत्रीचे खेळणे हरवताच ती दोघे भेटेल त्याच्यावर खेकसतात. अखेरीस कुत्री बदलतात, स्वतः बदलत नाहीत. त्यांच्या अस्वस्थतेचे मूळ दिग्दर्शक शोधत नाही. तेवढ्यापुरता आक्षेपकांचा मुद्दा आम्हांस मान्य आहे. मात्र मुक्या जनावरांची थट्टा चित्रपट करीत नाही, हेही नमूद केले पाहिजे.