मडगार्ड काढलेली वाद्ये

हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातल्या वाद्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे मी वाचले आहे. त्यात तारपा असतो, पावरी असते, बोहाड्याच्या निमित्ताने संबळ येतो. बेंजो येत नाही. आलाच तर तक्रार म्हणून येतो: कर्कश, बाजारू, परका. वाघेरा घाटापलीकडच्या लग्नांत ज्याच्या सुरावर लोक पहाटेपर्यंत नाचलेले आहेत, ते वाद्य आमच्या नोंदवहीत मात्र नाही. कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘ते काही वाद्य नव्हे, जुळवाजुळव आहे.’

या उत्तरातला ‘जुळवाजुळव’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. जुळवाजुळवीलाही एक व्याकरण असते, आणि त्यावर सर्वांत जास्त वाद झाला आहे तो इलेक्ट्रिक गिटारच्या जगात. तिथे एका जातीच्या गिटारला ‘हॉट रॉड’ म्हणतात. हरसूलचा बेंजो समजून घ्यायला मला त्या गिटारचा जेवढा उपयोग झाला, तेवढा लोकवाद्यांच्या कोशांचा झाला नाही.

हॉट रॉड हा शब्द मुळात मोटारीचा. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे जुनी फोर्ड गाडी स्वस्तात घ्यायची, मडगार्ड आणि बॉनेट काढून टाकायची आणि आत जास्त ताकदीचे इंजिन बसवायची. गाडी फोर्ड म्हणूनच ओळखू यायची, पण धावायची दुसऱ्याच जातीने. यात आधी काढणे आहे, मग घालणे. हा क्रम लक्षात ठेवावा. (इंग्रजीत मडगार्डला फेंडर म्हणतात आणि ज्या गिटारवर हे सारे प्रयोग झाले तिच्या कर्त्याचे आडनावही फेंडर. हा निव्वळ योगायोग, पण सोडवत नाही.)

लिओ फेंडरच्या कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आणली. भरीव लाकडाचे अंग, तीन पिकअप, आणि स्क्रूने बसवलेली मान. मान डिंकाने चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवली ती कारखान्याच्या सोयीसाठी. पण जे स्क्रूने बसते ते स्क्रू फिरवून निघतेही. त्या सोयीतूनच पुढचा सारा उपद्व्याप निघाला.

स्ट्रॅटचा पिकअप एकेरी वेटोळ्याचा. आवाज स्वच्छ, पण विजेची घरघर सोबत येणार, आणि अॅम्प्लिफायर पिळला तर आवाज पातळ पडणार. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास दोन उलट वेटोळी शेजारी बसवून ती घरघर मारली, तो हमबकर. म्हणजे सुटसुटीत अंग एका घराण्यात आणि भरदार आवाज दुसऱ्या घराण्यात. सत्तरच्या दशकात एडी व्हॅन हेलन या तरुणाने दोन्ही एकत्र केली. अंदाजे 50 डॉलरचे सदोष अंग, 80 डॉलरची मान, गिब्सनमधून काढलेला हमबकर. तो बसेना म्हणून त्याने लाकूड छिन्नीने कोरले. गिब्सनच्या तारा फेंडरच्या तारांपेक्षा जवळजवळ असतात, म्हणून पिकअप तिरका लावला. बाकीचे पिकअप आणि टोनचे बटण त्याच्या कामाचे नव्हते. उरले एकच आवाजाचे बटण. 1978 च्या पहिल्या तबकडीत ही गिटार वाजली आणि गिटारवाल्यांच्या एका पिढीने आपापले स्क्रू फिरवायला घेतले.

त्याने आणखी एक केले. मोठ्या आवाजात पिकअपची वेटोळी स्वतःच थरथरून शिट्टी मारतात, म्हणून त्याने पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला. हे वाचताना मला तारपा आठवला. भोपळा आणि बांबूच्या नळ्या जिथे जुळतात, तिथे तारपा बनवणारा मेण भरतो. तिथे हवा निसटू नये म्हणून, इथे तार थरथरू नये म्हणून. दोघांनाही सांधे बुजवायचे होते आणि दोघांनीही हाताशी होते ते घेतले. तारप्याची जुळवाजुळव परंपरा ठरते आणि बेंजोची भ्रष्टता, हे कोणत्या न्यायाने?

कॅटलॉगवाले हॉट रॉड गिटारची, म्हणजे ‘सुपरस्ट्रॅट’ची, व्याख्या यादीने करतात: घोडीजवळ हमबकर, चोवीस पडदे, खोल खाचा, पातळ मान, तारा जखडून ठेवणारी फ्लॉइड रोझची घोडी. मला ही यादी मान्य नाही. ती परिणामांची यादी आहे, कृतीची नव्हे. जॅक्सन कंपनीची सोलोइस्ट हा सुपरस्ट्रॅटचा आदर्श नमुना मानतात. पण तिची मान अंगातून आरपार जाते. स्क्रू नाही, म्हणजे वाजवणाऱ्याला बदलायला जागा नाही. ती उत्तम गिटार आहे, हॉट रॉड नव्हे. 2007 साली तर व्हॅन हेलनच्या त्या गिटारच्या 300 प्रतिकृती निघाल्या, ओरखड्याला ओरखडा जुळवून, सुमारे 25,000 डॉलरला एक. त्या ओरखड्यांना हात लावायची सोय घेणाऱ्याला उरलेली नाही. हॉट रॉडपणाचा याहून पक्का शेवट मला सुचत नाही.

आता बेंजो. नाव अमेरिकन, पण त्या बँजोशी याचे नाते नाही. मूळ जपानी: नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली ताइशोगोतो बनवला. टाइपरायटरसारख्या कळा, त्या दाबल्या की तार पडद्यावर टेकते, उजव्या हातात नखी. भारतात तो बुलबुल तरंग झाला. घरात बसून वाजवायचे, नाजूक आवाजाचे वाद्य. ताशा-ढोलासमोर त्याला कोण ऐकणार? म्हणून तारांखाली पिकअप आला.

हरसूलच्या बाजूला मी न्याहाळलेल्या एका बेंजोत मूळ वाद्यातल्या कळा आणि त्यांची मांडणी तेवढी शिल्लक होती. पोकळ पेटी जाऊन भरीव फळी आली होती, कारण पोकळ पेटी लाउडस्पीकरसमोर शिट्टी मारते. षड्ज धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारा काढल्या होत्या. वाजवणारा म्हणाला, ‘त्या मोठ्या आवाजात नुसत्या घोंगावतात, गाण्याला खातात.’ पिकअप गिटारचा, डाग देऊन जोडलेला. पुढे गिटारवाल्यांचेच इफेक्टचे पेडल. (आमच्याकडे पिकअप म्हटले की आधी डोळ्यांसमोर गाडी येते. सगळी पार्टी तिच्यावरच चढलेली असते, तेव्हा पिकअपवर पिकअप.) काढणे आधी, घालणे नंतर, सांगाडा ओळखीचा, आवाज परक्या घराण्याचा, आणि प्रत्येक सांधा गावातल्या दुकानात उघडता येणारा. माझ्या लेखी हॉट रॉड वाद्याची कसोटी हीच, आणि आजच्या पुष्कळ सुपरस्ट्रॅट तिला उतरत नसताना हा बेंजो उतरतो.

शुद्धतावाद्यांचा एक आक्षेप खरा आहे. कळेचा स्वर ठरलेला असतो, मींड घेता येत नाही. पण हीच तक्रार हार्मोनियमबद्दलही होती. 1940 साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले होते. महाराष्ट्राने मात्र ती नाट्यसंगीतात आणि भजनात मांडीशी घेतली. तेव्हा आक्षेप मींडेचा असेल तर तो सर्वांना सारखा लावावा. मला वाटते, खरा आक्षेप बेंजो कुठे वाजतो, कोणासाठी वाजतो, याला आहे.

या वाद्यावर रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट 2016 मध्ये आला. हेतू चांगला होता. पण तिथेही बेंजोवाल्याची कदर करायला न्यूयॉर्कहून नायिका यावी लागते, आणि वाद्य रितेश देशमुखांच्या गळ्यात दागिन्यासारखे लटकत राहते. ते कोणी उघडले, कोणी तार बदलली, कुठला पिकअप का निवडला, यातले काही कळत नाही. मेकॅनिकशिवाय मोटारीचा चित्रपट काढावा तसे झाले आहे.

आता डीजे आणि कीबोर्ड आले आहेत. कीबोर्डमध्ये बेंजोचा आवाजही एका बटणावर मिळतो; त्यात उघडण्यासारखा स्क्रू नाही. जुने बेंजो माळ्यावर जात आहेत, तेव्हा नोंद करायची तर आत्ताच. ती नुसत्या छायाचित्राने होणार नाही. प्रत्येक वाद्याबद्दल लिहून ठेवावे: मूळ पेटी कुठून आली, किती तारा होत्या आणि किती काढल्या, फळी कोणत्या लाकडाची, पिकअप कोणत्या गिटारचा आणि घोडीपासून किती अंतरावर, डाग कोणी दिला. आणि एखाद्या बेंजोवर वापरात नसलेल्या खुंटीचे भोक बुजवलेले दिसले, तर ते कशाने बुजवले आहे हेही.